सावजी, कोला आणि माझे ५ गुण : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बिनदारूच्या रमला मी १० पैकी ५ गुण दिले, त्यावर तुम्ही लिहिलंत : "काका, असली चीज कोणी कोरी पितं का? आम्ही सावजी मटणासोबत कोलात टाकून घेतली, खऱ्या रममध्ये अन् हिच्यात फरकच नाही कळला. उगाच जाणकार बनू नका, बाटली फुकटात आली असेल. अन् साखर किती, किंमत परवडते का, ते काऊन नाही लिहिलं?"

"काका" चालेल, वय झालंच आहे. "उगाच जाणकार" चालणार नाही. चौदा वर्षांच्या चाखण्याच्या नोंदी वहीत आहेत, तारखेसकट. आणि बाटलीचं बिलही आहे. मत पटलं नाही तर तसं लिहा. ओळखदेख नसताना माणसाला फुकट्या ठरवायची ही कुठली रीत?

एक चूक मान्य. मी "बूच" लिहिलं होतं, त्या बाटलीला फिरकीचं झाकण आहे. दुरुस्त केलंय.

आता तुमचं ते "फरकच नाही कळला". अहो, कळणार कसा? दारू काढली की घशाचा चटका जातो. तो परत आणायला या बाटल्यांमध्ये आलं, मिरी किंवा मिरचीचा अर्क घालतात. दारू आणि मिरचीतलं कॅप्सेसिन, दोन्ही तोंडातल्या त्याच उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना डिवचतात, म्हणून ही युक्ती चालते. पण सावजी रश्श्याने ते आधीच बधिर करून ठेवल्यावर बाटलीतल्या थेंबभर अर्काला कोण विचारतं? शिवाय दोन्ही चटक्यांची चाल वेगळी. रमचा पटकन चढतो, पटकन ओसरतो. मिरचीचा उशिरा येतो, रेंगाळतो, घोटागणिक साचत जातो. म्हणून दोन घोटांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची आणि मध्ये साधे मुरमुरे चावायचे. पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही.

आणि कोला! १०० मिलीत साधारण १०-११ ग्रॅम साखर, वरून फॉस्फोरिक आम्ल आणि मसाल्यांचा वास. ओकच्या पिंपातून रममध्ये व्हॅनिलाचा जो वास उतरतो, तो त्यात बुडून जातो. तरी कोलातच तपासायचं असेल तर धड तपासा. तीन सारखे ग्लास घ्या. दोघांत १२० मिली कोला आणि ३० मिली ही बाटली, तिसऱ्यात तेवढाच कोला आणि ३० मिली खरी रम. ग्लास दुसऱ्याने भरायचे, वेगळा कोणता ते तुम्ही ओळखायचं. आंधळ्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून किमान ९ फेऱ्या करा. ९ पैकी ३ बरोबर म्हणजे काहीच ओळखलं नाही. घोट थुंकायचा, नाहीतर सहाव्या फेरीनंतर सगळेच ग्लास सारखे लागतील!

मग रमच्या जागी ३० मिली थंड पाणी घालून हेच पुन्हा करा. या दुसऱ्या खेपेलाही फरक कळला नाही, तर तुम्ही पैसे कशाचे मोजले ते तुम्हीच ठरवा.

कोरी चाखायची ती यासाठी. आपल्याकडची रम साधारणपणे ४२.८ टक्क्यांची असते. ती दारू वास धरून ठेवते, हळूहळू सोडते. पाण्यात ते होत नाही. तोंडाशी निमुळत्या ग्लासात ३० मिली घ्या, वर दोन मिनिटं बशी झाका, मग हुंगा. या बाटलीत पहिल्या हुंगण्याला काकवी होती, करपलेली साखर होती, मागे थोडं जायफळ. छान होतं, खोटं कशाला बोलू? वीस मिनिटांनी तोच ग्लास नुसतं साखरपाणी. एक थेंब तळहातावर चोळला. रम असती तर उडून गेली असती आणि मागे काकवीचा वास राहिला असता. इथे तळवा चिकट झाला, कारण दाटपणा आणायला ग्लिसरीन आहे. वासाला ३ पैकी २, अंगाला, म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाला, ३ पैकी १, चटक्याला २ पैकी १, मागे राहणाऱ्या चवीला २ पैकी १. झाले ५. लेबलवर "रमला पर्याय" छापलंय, म्हणून तुलना रमशीच होणार. सरबत छापलं असतं तर ८ दिले असते.

हे सगळं मे महिन्यात नागपुरात "खोलीच्या तापमानाला" करू नका. फ्रीजमधून काढून २० अंशांच्या आसपास आणा आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवा. ओल्या वाळ्याच्या वासापुढे जायफळ टिकत नाही.

साखर आणि किंमत लेबलवर असते. वाचा.

तुमची उघडलेली बाटली रमसारखीच कपाटात उभी असेल, तर आजच फ्रीजमध्ये टाका आणि लेबलवर दिलेल्या मुदतीत संपवा. रम तिच्या दारूमुळे टिकते, हिच्यात ती नाही. उद्या आंबूस वास आला तर त्याचं खापर माझ्यावर फोडू नका.