वृत्तपटांच्या कडेला उभी असलेली माणसं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. जुन्या वृत्तपटांवरच्या, म्हणजे थिएटरात सिनेमाआधी दाखवल्या जाणाऱ्या बातम्यांच्या छोट्या फितींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की हा निव्वळ सरकारी प्रचार होता, आणि धरणाच्या बातमीला लागून कुत्र्यांची प्रदर्शनं नि टोप्यांच्या फॅशन दाखवणारा कचरा इतिहास म्हणून मिरवू नये.

प्रचाराचं म्हणणं मान्य. १९३८ ते १९५१ या काळात निघालेलं ‘जोर्नाल पोर्तुगेश’ हे पोर्तुगालचं वृत्तपट तिथला हुकूमशहा सालाझारच्या प्रचार खात्यासाठीच काढलं जाई. भारतात १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी चित्रपटसंस्था आली. तिचं साप्ताहिक समाचारचित्र थिएटरवाल्यांना परवान्याच्या अटीनुसार दाखवावंच लागे, वर त्याचं भाडंही भरावं लागे.

पण कचरा? तिथे मी अडतो. पस्तीस एमएमची हजार फूट फिल्म सुमारे ११ मिनिटं चालते. तेवढ्यात मंत्र्यांचा दौरा, पूर, कारखान्याचं उद्घाटन, गुरांचा बाजार आणि एखादा क्रिकेटचा सामना बसवायचा. चित्रीकरण बहुतेक वेळा मुकंच व्हायचं. निवेदन, संगीत, अगदी टाळ्यासुद्धा मागाहून स्टुडिओत चढवत. त्यामुळे एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. मंत्र्यांच्या बातमीत कॅमेरा त्यांच्यावरून हलत नाही, गर्दीही रांगेत लावलेली. गुरांच्या बाजारात मात्र कुणाची प्रतिमा जपायची नसते. तिथे कॅमेरा मोकळा फिरतो आणि अनवाणी पाय, दुकानांच्या पाट्या, बायकांची नेसण, कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारं पोर असं सगळं टिपून घेतो. त्या काळातली माणसं रस्त्यावरून कशी चालत, हे मला कुठल्याच दप्तरात वाचायला मिळालेलं नाही.

आपल्या गोव्याला तर हे फारच लागू पडतं. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राज्यकर्त्यांना गोवा पोर्तुगालचा प्रांत म्हणून दाखवायचा होता, त्यानंतरच्यांना मुक्त झालेला भारतीय प्रदेश म्हणून. या दोघांच्या ठळक बातम्यांत पेडणे-सत्तरीकडची आपली माणसं कुठून येणार? ती असलीच तर कडेला असतील. स्वागताच्या गर्दीत मागे, म्हापशाच्या बाजारात, नाहीतर फेरीबोटीच्या कठड्याला टेकलेली. मांडवीवरचा पहिला पूल १९७० चा, त्याआधी बेतीहून पणजीला येणारा प्रत्येक जण त्या बोटीतूनच उतरायचा.

ब्रिटिश पाथे या जुन्या वृत्तपट कंपनीने २०१४ मध्ये आपल्या सुमारे ८५,००० फिती यूट्यूबवर खुल्या केल्या. पण अशा संग्रहांत नोंद बातमीच्या विषयाची होते, मागच्या बाकावर बसलेल्या माणसाची नाही. त्याला शोधायचं तर तुम्ही ज्याला कचरा म्हणता ते सगळं बघावं लागतं, आणि मी ते मनापासून बघतो.

मुक्तीच्या वेळी शाळकरी असलेले लोक आज सत्तरी ओलांडून गेलेत. तुमच्या घरात कुणी असतील तर त्यांना गोव्याची एखादी जुनी फीत दाखवा, हवी तिथे थांबवू द्या. त्यांनी ओळखलेलं दुकान, वाट किंवा धक्का इथे खाली लिहा. मी फितीच्या नावासकट त्याची नोंद ठेवीन.