आधी नोंदी नीट करा

संस्थेने डेटा सायन्सची, म्हणजे साठलेल्या आकड्यांवरून अंदाज बांधण्याची, सुरुवात तज्ज्ञांची टीम नेमून करावी, हे एका लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. मी एका दूध संघात काम करते. एकाच शेतकऱ्याचे दोन केंद्रांवर दोन कोड. कुठे दुधाचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि तो सोडून उरलेले घन घटक) मशीनवरून थेट चढतं, कुठे वहीतलं बघून संध्याकाळी टाइप होतं. त्यावर उद्याच्या संकलनाचा अंदाज कसा बांधणार? आधी कोड एक करा, आणि पहाटे नोंद करणाऱ्या केंद्रचालकालाही त्या आकड्यांचा उपयोग होऊ द्या. अमेरिकेतल्या झिलो या घरांच्या खरेदी-विक्रीतल्या कंपनीकडे तर तज्ज्ञही होते आणि भरपूर डेटाही. तरी घरांच्या किमतींचे अंदाज चुकले आणि २०२१ मध्ये घरं विकत घेण्याचा व्यवसाय गुंडाळावा लागला. अंदाज फसायला लागला की खरेदी कोणी थांबवायची, हे डेटा वापरण्याच्या धोरणात पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं पाहिजे.