रजा बापाच्याही नावावर हवी

“मावशी, मुलाखत छान झाली गं. पण शेवटी विचारलंच त्यांनी, लग्न कधी करतेयस?” भाचीचा भारतातून फोन होता. वीस वर्षांपूर्वी मलाही हेच विचारलं होतं. ‘इतक्यात नाही’ असं मी सांगितलं होतं. तिनेही तेच सांगितलं. फोन ठेवल्यावर मला रात्रभर राग येत राहिला.

आपल्याकडचा वाद फिरून फिरून इथेच येतो: बायकांना रजा वाढवून दिल्या तर त्यांना नोकरीवर ठेवणार कोण? २०२४ साली पाळीच्या रजेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही ही भीती बोलून दाखवली. भीती अगदीच खोटी नाही. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे फार चांगलं झालं. पण ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, बाहेरच्या नोकऱ्यांत रजेतला पगार मालकानेच द्यायचा, आणि खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने हक्काची रजाच नाही. मग मालकाच्या हिशेबात बाई महाग पडते.

मी स्वीडनमध्ये राहते. इथे मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवस रजा असते आणि त्या काळातला भत्ता सामाजिक विम्यातून येतो. १९७४ पासून बापांना ही रजा घ्यायची मुभा होती, पण बहुतेक जण आपले दिवस बायकोला देऊन टाकायचे. म्हणून १९९५ साली एक महिना राखून ठेवला गेला. आता प्रत्येकाचे ९० दिवस राखीव आहेत. स्वतः घेतले नाहीत तर वाया जातात. नुसत्या मुभेने काही होत नाही, हे मला इथे येऊन कळलं.

आमचा टीम लीडर मागच्या वर्षी सहा महिने रजेवर होता. परत आला तो त्याच खुर्चीत. सकाळी आठला ग्रुपवर एका शब्दाचा मेसेज पडतो, ‘वाब’. म्हणजे मूल आजारी, आज घरी. पाठवणारा बाप आहे की आई, हे कुणी बघतसुद्धा नाही. फेब्रुवारीत तर हे मेसेज इतके येतात की लोक त्या महिन्याला ‘वाबरुआरी’ म्हणतात.

इथेही सगळं आलबेल नाही. जास्त दिवस अजून आयाच घेतात, अर्धवेळ नोकरीतही बायकाच जास्त. पण तिशीतल्या पुरुषाला कामावर घेतानाही तो सहा महिने रजेवर जाईल, हे मालक धरूनच चालतो.

भाचीला अजून त्या कंपनीचं उत्तर आलेलं नाही.