टॅब आला, मग रजिस्टर कोणते बंद झाले?

परवा मासिक सभा संपल्यावर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा एकदा खोकी फोडली गेली आणि प्रत्येक आरोग्यसेविकेच्या हातात नवा कोरा टॅब ठेवण्यात आला. माझ्या वाट्याला आलेला हा तिसरा. पहिले दोन माझ्या उपकेंद्रातल्या लोखंडी कपाटात, जुन्या बॅनरांच्या गुंडाळीमागे पडून आहेत. एकाची बॅटरी फुगून मागचे झाकण उचकटले आहे. दुसरा अजून सुरू होतो, पण त्यातले ॲप उघडत नाही, कारण ज्या संस्थेचा तो प्रायोगिक प्रकल्प होता तिने मुदत संपताच सर्व्हर बंद करून टाकला. त्या दोन टॅबांमध्ये मी शेकडो गरोदर मातांची माहिती भरली आहे. रात्री घरचे झोपल्यावर, ओसरीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे उभे राहून भरली आहे. त्या माहितीचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत कोणी येऊन सांगितलेले नाही, आणि आता तिसऱ्यांदा तेच प्रशिक्षण, तेच नवे पासवर्ड, टॅब छातीशी धरून काढलेला तोच फोटो. मला याचा मनस्वी संताप आला आहे आणि तो मी आज गिळणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगतच्या भागात काम करते. आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. माझ्याकडे गावे आहेत आणि गावांपासून दूर, नाल्यापलीकडे वसलेले कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे छोट्या वस्त्याही आहेत. गरोदर मातांची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन, हिवतापाचे रक्तनमुने, क्षयरुग्णांचा पाठपुरावा, मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी हे सगळे या एका उपकेंद्रातून चालते, आणि यातल्या बहुतेक प्रत्येक कामाला आता वेगळे पोर्टल किंवा वेगळे ॲप आहे. त्यांत दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या प्रायोगिक प्रकल्पाची भर पडते.

जानेवारीतली गोष्ट सांगते. कापसाची वेचणी सुरू होती. तपासणीच्या दिवशी पोडावरून एक बाई चालत आली, सहावा महिना असलेली. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे ती आली याचा अर्थ त्या दिवसाची कमाई तिने सोडली होती. बोटांच्या पेरांना बोंडांच्या टोकांनी बारीक चिरा पडल्या होत्या. त्यातल्याच एका बोटाला टोचून मी हिमोग्लोबिन पाहिले तर 6.8 भरले. 7 च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. अशा मातेशी शांतपणे बोलावे, पापणी खाली ओढून पाहावी, पायावर अंगठा दाबून सूज पाहावी, आणि लगेच पुढे पाठवण्याची व्यवस्था करावी, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले आहे आणि इतक्या वर्षांच्या कामाने ते अंगवळणीही पडले आहे. पण तेव्हा चालू असलेल्या आधीच्या टॅबच्या प्रकल्पाचा आदेश असा होता की नोंद तपासणीच्या वेळीच, मातेच्या समोरच झाली पाहिजे, कारण नोंद किती वाजता झाली हे टॅब आपोआप टिपतो आणि उशिराची नोंद तालुक्याच्या पडद्यावर लाल दिसते.

म्हणून मी टॅब उघडला. पहिल्याच पानावर मोबाईल क्रमांक अनिवार्य. तिच्याकडे मोबाईल नाही. नवऱ्याकडे आहे, पण तो कामासाठी सीमेपलीकडे गेलेला आणि त्याचा क्रमांक तिला पाठ नाही. रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडत नाही. शेवटी मी आशाताईंचा क्रमांक टाकला, जसा आम्ही सगळ्याच टाकतो, त्यामुळे त्या एका क्रमांकावर गावातल्या कितीतरी माता नोंदलेल्या आहेत. पुढे शेवटच्या पाळीची तारीख. ती म्हणाली, नागपंचमीनंतर पाळी आली नाही. रजिस्टरमध्ये मी हे एका ओळीत लिहून अंदाजे तारीख काढते. टॅबवर आजच्या महिन्याचे कॅलेंडर उघडते आणि एकेक महिना मागे सरकवत जावे लागते, त्यात मध्येच बोट चुकले की पुन्हा पहिल्यापासून. मग आधार, मग बँक खाते, मग फोटो, मग गोल फिरणारे चक्र. मी मान वर केली तेव्हा ती उठून दाराकडे गेली होती. काम झाले असे तिला वाटले असावे.

आशाताई धावत आत आल्या. तिने त्यांना दारात सांगितले होते की दोन रात्रींपासून आडवे झाले की दम लागतो आणि बसूनच झोपावे लागते. हे वाक्य ती मला सांगायला आली होती! ते सांगायला तिला माझी नजर हवी होती, आणि माझी नजर काचेवर होती. आम्ही तिला परत बोलावले, 102 ची गाडी मागवली, त्याच दुपारी तिला मोठ्या दवाखान्यात रक्त मिळाले आणि ती वाचली. पण आशाताई त्या वेळी दारात नसत्या तर काय झाले असते, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. टॅबवर मात्र त्या तपासणीची नोंद वेळेत झालेली, पूर्ण आणि हिरवी होती.

आणि इतके करून रजिस्टर सुटत नाही. तीच माहिती मी माता व बालकाच्या रजिस्टरमध्ये लिहिली, तिच्या हातातल्या कार्डावर लिहिली, महिनाअखेरच्या अहवालात तिचा आकडा मिळवला, शासनाच्या पोर्टलसाठी वेगळी दिली, आणि या सगळ्यांवर प्रकल्पाचा टॅब. पाच ठिकाणी एकच बाई. टॅबमुळे तुमचा वेळ वाचेल, असे प्रशिक्षणात पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. मी उभी राहून विचारले की मग यातले कोणते रजिस्टर उद्यापासून बंद करायचे. उत्तर आले, सध्या दोन्ही चालू ठेवा, प्रयोग यशस्वी झाला की बघू. हेच उत्तर मला पहिल्या टॅबच्या वेळी मिळाले होते, दुसऱ्याच्या वेळीही मिळाले होते. कागद बंद करण्याचा अधिकार प्रकल्पवाल्यांकडे नसतो आणि ज्यांच्याकडे असतो ते प्रशिक्षणाला येत नाहीत. जोवर हा प्रश्न सोडवलेला नाही, तोवर प्रत्येक नवा टॅब म्हणजे माझ्या कामाच्या दिवसातून कापून घेतलेला तास आहे, आणि तो तास माझा नसून समोर बसलेल्या बाईचा आहे.

ही तक्रार एकट्या आमच्या तालुक्याची नाही. आरोग्यसेविकांच्या हाती टॅब देण्याचा केंद्राचा अनमोल हा उपक्रम युनिसेफच्या साहाय्याने 2016 साली आंध्र प्रदेशातून सुरू झाला, म्हणजे या कल्पनेला नवी म्हणण्याचे दिवस केव्हाच संपले. आपल्याच राज्यात ऑगस्ट 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. यंत्रे सतत बिघडत होती, दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्यावर पडत होता आणि ॲपमध्ये इंग्रजीतून माहिती भरायला सांगितले जात होते. युगांडात तर इतक्या संस्थांनी इतके सुटे सुटे प्रयोग मांडले की जानेवारी 2012 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला मोबाईल आणि संगणकाधारित आरोग्य प्रकल्पांवर स्थगिती आणून, आधी आमच्याशी समन्वय साधा, असे सांगावे लागले. त्या देशाने 2012 मध्ये जे धैर्य दाखवले ते आमच्याकडे एकाही बैठकीत दिसू नये, याचे मला दुःख होते.

यंत्राला माझा विरोध आहे, असे कोणी म्हणू नये. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेच्या माणसांपुढे खरी अडचण होती: संसर्ग असलेल्या कक्षातून कागद बाहेर आणता येत नव्हता, आत लिहिलेली माहिती कुंपणावरून ओरडून सांगावी लागत होती. त्यासाठी गूगलच्या मदतीने असा टॅब बनवला गेला की जो 0.5 टक्के क्लोरीनच्या द्रावणात बुडवून काढता येई आणि हातमोजे घालूनही चालवता येई. तिथे आधी अडचण होती, मग यंत्र आले. आमच्याकडे यंत्र आधी येते आणि मग त्याला साजेशी अडचण आमच्या माथी मारली जाते.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? आमच्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने बाळाचे श्वास मोजण्यासाठी एक साधे साधन केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळाला न्यूमोनिया असण्याचा धोका. साठपर्यंत आकडे न येणारी दाईसुद्धा त्याने श्वास मोजू शकत होती, कारण ते साधन दाईच्या शेजारी बसून, तिला काय येते आणि काय येत नाही हे पाहून केलेले होते. त्याच संस्थेने 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आणला. 1999 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झाले. प्रयोग याला म्हणतात. त्याचा निकाल लागला, तो जगाला सांगितला गेला आणि तो गावाकडे परत आला.

माझ्या शेजारी कोणी बसले? टॅब बनवणाऱ्यांपैकी एक जण मे महिन्यात उपकेंद्रात आला असता तर त्याला दिसले असते की बाहेर 45 अंश असताना पत्र्याच्या शेडखाली टॅब तापून स्वतःच बंद पडतो. नामांकित कंपन्यांचे टॅबसुद्धा 35 अंशांपर्यंतच वापरावेत असे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. त्याला दिसले असते की लाईन गेली की आधी लसींचे आइस पॅक सांभाळावे लागतात आणि चार्जर त्यानंतर आठवतो. कापूस वेचून बोटे झिजलेल्या बाईचा ठसा यंत्र घेत नाही, हेही दिसले असते. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात टॅब विकत घेण्याचे पैसे असतात. फुटलेली काच बदलण्याचे, बॅटरीचे, इंटरनेटच्या रिचार्जचे नसतात. गेल्या वेळी ते रिचार्ज मी आठ महिने स्वतःच्या पगारातून केले.

परवा टॅब मिळाल्याच्या पावतीवर सही करताना मी खाली एक ओळ लिहिली: या टॅबमुळे कोणते रजिस्टर बंद करायचे आहे ते लेखी कळवावे. कर्मचाऱ्याने पावती पाहिली, नमुन्यात असे लिहिता येत नाही म्हणाला आणि दुसरी कोरी पावती पुढे सरकवली. मी तिच्यावरही तीच ओळ लिहिली. दोन्ही पावत्या अजून त्याच्या टेबलावर आहेत, टॅब माझ्या कपाटात बंद खोक्यात आहे, आणि लेखी उत्तर हातात पडेपर्यंत तो मी उघडणार नाही.