जावयाची बिअर आणि सासऱ्याचं नाक

जावयाला ‘तुमचं बिघडलंय’ असं तोंडावर सांगायची सोय आपल्याकडं नाही. आमटी खारट झाली तर बायकोला सांगता येतं (एकदाच, पण येतं). मुलाला तर न बिघडलेलंसुद्धा बिघडलंय म्हणून सांगता येतं. जावयापुढं फक्त ‘वा’ म्हणायचं असतं. आमचे जावई मिशिगनमध्ये घरी बिअर बनवतात आणि ती बिघडलीय का, हे मला विचारतात.

मलाच का, तर माझी सगळी नोकरी साताऱ्यातल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत झाली. दूध नासलंय, नासत आलंय, की आणणाऱ्याचा चेहराच तसा आहे, हे ओळखण्यात हयात गेली. त्यामुळं कुठंही जिवाणूंचा विषय निघाला की घरातली सगळी डोकी माझ्याकडं वळतात.

हा छंद तिकडं कायदेशीर आहे, हे आधी सांगून टाकतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं १९७९पासून घरगुती बिअरला मोकळीक आहे. घरात दोन सज्ञान माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. विकायची नाही, एवढीच अट. आपल्याकडं १९४९चा दारूबंदी कायदा अजून जागा आहे, त्यामुळं आमच्या गल्लीत आम्ही याला नुसतं ‘जावयांचा छंद’ म्हणतो. शेजाऱ्यांची समजूत आहे की ते फोटो काढतात.

तर या जावईबापूंनी आपली बिअर एका स्पर्धेला पाठवली. बक्षीस मिळालं नाही, कागद मिळाले. दोन परीक्षकांचे दोन कागद. ते त्यांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिलं, “बाबा, जरा बघता का?” एकूण गुण ५०. वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकंदर मताला १० आणि दिसण्याला फक्त ३. (लग्न जमवणाऱ्यांनी ही पद्धत जरूर अभ्यासावी.) एकानं ३१ दिले होते, दुसऱ्यानं २६. मी लगेच कळवलं, “वा! सेकंड क्लास!” पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही.

पहिल्या परीक्षकाची तक्रार होती, लोण्याचा वास येतो. मी मोठ्यानं वाचलं तशी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“मग चांगलंच की. गुण कशाला कापले मेल्यानं?”

आता तिला काय सांगणार? त्या वासाचं नाव डायअसेटिल. ताज्या लोण्याला तो यावा म्हणून आम्ही डेअरीत विरजणात खास जिवाणू घालत होतो. तिकडं तोच वास आला म्हणून माणसाचे गुण जातात. दुसऱ्या कागदावर लोण्याचा पत्ताच नव्हता. त्या गृहस्थाला उकडलेल्या मक्याचा वास आला होता. लोणी आणि मका! पावसाळ्यात महाबळेश्वरला यांचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

मग जावयांनी दोषांचा एक तक्ताच पाठवला. हवा लागली की ओल्या पुठ्ठ्याचा वास. पाण्यात क्लोरीन राहिलं तर जखमेवरच्या चिकटपट्टीचा. पुढं हिरवं सफरचंद, केळं, लवंग, घोड्याच्या पाठीवरचं घोंगडं. त्यातही केळं आणि लवंग जर्मन गव्हाच्या बिअरला आले तर कौतुक, दुसरीला आले तर दोष. घोंगडं काही बेल्जियन बिअरींत मुद्दाम आणतात म्हणे. म्हणजे गुन्हा काय केला यापेक्षा तो कुठल्या रकान्यात केला, हे महत्त्वाचं. सरकारी कामं केलेल्या माणसाला यात नवीन काहीच नव्हतं.

जावयांना मात्र झोप येईना. डायअसेटिल दोन वाटांनी येतं. यीस्ट आंबवताना त्याची तयारी करून ठेवतं आणि वेळ दिला तर स्वतःच ते परत गिळतं. घाईनं बाटल्या भरल्या की ते राहून जातं. नाहीतर पेडिओकोकस नावाचा आगंतुक जिवाणू आत शिरून ते तयार करतो. म्हणजे प्रश्न एवढाच, की घाई झाली की लागण झाली?

ही चर्चा आमच्या सकाळी चालायची, कारण तिकडं तेव्हा रात्र. मी त्या वेळी फिरायला साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या स्मारकाच्या चढावर असतो. तिथं रेंज अशी, की हळू बोललेलं फक्त आपल्यालाच ऐकू येतं. “लागण कधीपासून आहे? पांढरा थर धरलाय का? फेस किती येतो?” असं मी ओरडायचो आणि पुढं चाललेली मंडळी मागं वळून बघायची. आठवड्याभरात पोवई नाक्यापर्यंत बातमी पोचली. डेअरीतले एक जुने सहकारी घरी कंदी पेढे घेऊन आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “जावयांना आता कसं आहे?” मी ‘अजून आंबट आहे’ असं म्हणून गेलो.

शेवटी मी परीक्षा सुचवली. दोन कपांत बिअर घ्यायची, एक गरम पाण्यात साठ अंशांवर ठेवायचा, मग थंड करून दोन्हींचा वास घ्यायचा. तापवलेल्या कपालाच लोण्याचा वास आला तर घाई झाली, यीस्टचं काम अर्धं राहिलंय. दोन्हींना आला तर लागणीचा संशय. जावयांनी सगळं केलं, व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाले, “दोन्हींना येतोय बाबा. बघा.” आणि कप कॅमेऱ्यासमोर धरला. जावयाचा मान राखायचा म्हणून मी साताऱ्यात मोबाइलला नाक लावलं.

“वा,” म्हणालो.

त्यानंतर त्यांनी स्वच्छतेचा ध्यास घेतला. प्लॅस्टिकच्या नळीत ओरखडे असतात, त्यात जिवाणू लपतात, म्हणून नळ्या फेकल्या. पिंप, झाकण, पळी, सगळं निर्जंतुक द्रावणात बुडवून काढायचं आणि मग कुणी हात लावायचा नाही. लेकीचा फोन आला, “बाबा, आजीच्या सोवळ्यात मी लहानपणी निदान पाणी तरी पिऊ शकत होते.”

दिवाळीला दोघं आली, सामानात दोन बाटल्या. कस्टमला दोन लिटरपर्यंत चालतं आणि पिण्याचा परवाना माझ्याकडं आहे, तेव्हा कायद्याची बाजू भक्कम होती. संध्याकाळी गच्चीवर पहिली बाटली उघडली, तर अर्धी बिअर थेट वाळत घातलेल्या गोधडीवर. बंद बाटलीत कुणीतरी उरलेली साखर खात बसलं होतं, हे मला तिथंच कळलं. उरलेली ग्लासात ओतली. मी घोट घेतला. दातांना आंब चढली.

“वा.”

“बाबा, खरं सांगा.”

“हलकी आहे,” मी म्हणालो. “आणि... जिवंत आहे.”

तेवढ्यात बायको चिवड्याची ताटली घेऊन वर आली. तिनं जन्मात बिअर चाखलेली नाही. ग्लास उचलला, लांबूनच वास घेतला आणि खाली ठेवला.

“आंबलेलं ताक आहे हे. धने आणि मीठ तरी घालायचं.”

मी गोधडीकडं बघू लागलो. तीस वर्षांच्या प्रयोगशाळेनं जे बोलायची हिंमत केली नाही, ते बाईनं जावयाच्या तोंडावर सांगितलं होतं. पण जावई ताडकन उठले ते आनंदानं. म्हणाले, “आई, गोझे!” जर्मनीत लायपझिगकडं या नावाची बिअर असते. तिच्यात मीठ आणि धने घालतात आणि दुधातल्यासारखेच जिवाणू लावून ती मुद्दाम आंबट करतात. म्हणजे रकाना बदलला की लागण संपली.

तेव्हापासून मला सकाळचे फोन येत नाहीत. ते आता हिच्या मोबाइलवर येतात आणि अर्धा अर्धा तास चालतात. धने भाजून घालायचे की कच्चे, यावर गेला आठवडा गेला. भाजून, जाडसर भरड, असं ठरलं. काल हिनं चिमूटभर हिंग सुचवला. तो उकळताना घालायचा की थंड झाल्यावर, हे जावई शनिवारी त्यांच्या क्लबात विचारणार आहेत.