गावाचं बेट झालं आणि वाट कुणाच्याच कागदावर नाही

स्वतःच्या मालकीच्या शेतात जायला दुसऱ्याच्या हातापाया पडावं लागतं, हे या दिवाळीत डोळ्यांनी पाहून आलो आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. सातबारा आमच्या नावावर, धान आमचं, घाम आमचा. पण धुऱ्यावर पाय ठेवायचा तर आधी मधलं पाणी ओलांडा. ते कसं ओलांडायचं, हे आजपर्यंत एकाही साहेबानं सांगितलेलं नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मोठा नाला. पावसाळ्यात दोन्ही फुगले की गावाचं बेट व्हायचं. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे, कारण मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचे डोंगे, म्हणजे लाकडी नावा होत्या आणि कोणत्या वळणावर धार कशी वळते हे त्यांना अंधारातही कळायचं. अडलेली बाळंतीण, शाळेचे गुरुजी, किराण्याची पोती, सगळं डोंग्यातून यायचं-जायचं. पूर ओसरला की नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, उघडा पडायचा आणि बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सुरू व्हायच्या. उन्हाळ्यात तर पात्र इतकं आटायचं की वाळूत डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-डांगराचे मळे, लागायच्या. आम्ही पोरं दिवसभर तिथंच पडून असायचो, तहान लागली की वाळूत हातभर झिरा खोदायचा आणि ओंजळीनं पाणी प्यायचं. ते बेट पावसाबरोबर यायचं आणि पावसाबरोबर जायचं.

आताचं बेट जात नाही. वैनगंगेवरच्या गोसे, म्हणजे गोसीखुर्द धरणानं ते कायमचं करून टाकलं.

धरणाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर लगेच कुणीतरी विकासविरोधी म्हणून शिक्का मारेल. 1988 च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा आमच्याच गावातले लोक बंड्या जुंपून सभेला गेले होते. खर्च तेव्हा 372 कोटी सांगितला होता. तो पुढे हजारो कोटींच्या घरात गेला, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी पोचत असेल तर पोचो, तोही आपलाच माणूस आहे. माझा राग त्याच्यावर नाही. माझा राग आहे तो त्या रेषेवर आणि ती रेषा ओढून उठून गेलेल्या माणसांवर.

धरणाची पूर्ण पातळी 245.50 मीटर. या आकड्याच्या खाली जे येतं ते बुडीत, वर राहतं ते कोरडं. आमचं गावठाण खाली आलं. शाळा, गुरं जमायची ती आखराची जागा, मारुतीचं देऊळ, नाल्यावरचा रपटा, नदीकाठच्या चांगल्या चांगल्या बांध्या, सगळं खाली. पण गावामागचा उंचवटा होता, तो वर राहिला. त्यावर काही घरच्यांची शेती आहे, त्यात आमच्या मोठेबाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, चार एकर. ती जमीन संपादनात घेतली नाही, कारण ती बुडत नाही. खरंच बुडत नाही. तिच्याकडे जाणारी वाट मात्र सगळ्या बाजूंनी बुडाली आहे. पातळी टप्प्याटप्प्यानं वाढवत नेली तसं आधी एक पांदण गेली, मग दुसरी, आणि शेवटी चहूकडे पाणीच पाणी.

याबद्दल विचारायला मी मोठेबाबांसोबत एका कार्यालयात गेलो होतो. टेबलामागच्या माणसानं नकाशा उलगडला, बोट ठेवलं आणि म्हणाला, तुमचा गट बुडीत क्षेत्राच्या बाहेर आहे, म्हणजे तुम्ही या जमिनीपुरते बाधित नाही. मी म्हटलं, साहेब, जायचं कसं ते सांगा. तो म्हणाला, रस्त्याचा विषय आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे म्हणाला, तिथं गेलो. ते म्हणाले, पाण्याखालचा रस्ता आमच्या यादीतून निघाला, आता तो जलाशय आहे, जलाशयाचं पहिल्या ठिकाणी विचारा. मोठेबाबा सत्तरी ओलांडलेले, दोन्ही जिने चढून त्यांचा श्वास फुललेला, आणि बसायला खुर्ची दे असंही त्या माणसाच्या तोंडून निघालं नाही. अर्ज घेतला, पोच दिली. त्या पोचपावत्यांची मोठेबाबांकडे एक पिशवीच झाली आहे, नायलॉनची, तांदळाच्या कट्ट्याला बांधतात तसल्या दोरीनं घट्ट बांधलेली.

शेतावर जायचं म्हणजे काय ते एकदा पाहायला या. पुनर्वसनात मिळालेल्या नव्या गावठाणातून पहाटे निघायचं, काठावर यायचं, आणि ज्याच्याकडे डोंगा आहे तो मासेमारीला गेला असेल तर तो परत येईपर्यंत काठावर बसून राहायचं. डोंगा मिळाला तरी सरळ जाता येत नाही, कारण पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं, कन्हानमधून वैनगंगेत आणि धरणानं अडवलं की आमच्या पुढ्यात तुंबून राहतं. त्या घाणीवर ही जलपर्णी पोसते. मी डोंग्यात पुढं बसलो होतो. बांबू खाली रोवला की मुळांच्या जटा त्याला गुंडाळून वर यायच्या, काळ्या, बुळबुळीत, नाकाला झोंबणाऱ्या वासाच्या. दर दोन-चार हातांवर मोठेबाबा बांबू वर घेत, हातानं त्या जटा ओरबाडून फेकत आणि पुन्हा रोवत. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, ‘पाण्यानं होते, खोबरेल लावतो.’ जिथं आम्ही झिऱ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलो, त्याच पाण्यानं आता माणसाच्या अंगाला खाज सुटते. कुणाला विचारायचं याचं?

आणि पलीकडे पोचलो तर शेतात रानडुकरांनी धुडगूस घातलेला. डुकरं पोहून येतात. माणसाचा रात्रीचा वावर संपला म्हणून त्यांचं राज्य झालंय. जागल करायची तर रात्रभर एकट्यानं तिथं राहायचं, विजेचे खांब पाण्यात उभे, तार केव्हाच गेली. ट्रॅक्टर जात नाही, हार्वेस्टर जात नाही. बैल डोंग्यात घालता येत नाहीत म्हणून मोठेबाबांनी बैलजोडी विकली. ज्या माणसानं आयुष्यभर गोठ्यात दिवा लावल्याशिवाय स्वतः जेवण केलं नाही, त्यानं पोळ्याच्या तोंडावर जोडी विकली. आता कापणी हातानं, चुरणं म्हणजे मळणी तिथंच, आणि एकेक कट्टा डोंग्यातून अलीकडे आणायचा. डोंगा हलला की कट्टा ओला, आणि ओला माल खरेदी केंद्रावर घेत नाहीत. मजूर तर यायलाच तयार नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पोहता न येणारी बाई रोवणीसाठी जीव मुठीत घेऊन का येईल?

हे सगळं एकवेळ गिळलंही असतं. पण परतताना जे झालं त्यानं माझा संयम सुटला. वाऱ्यानं आमचा डोंगा थोडा खाली ढकलला आणि आम्ही एका नव्या घाटाला लागलो. छान घाट, फरशी बसवलेली, बाजूला तरंगता धक्का, त्यावर केशरी जॅकेटं घातलेली शहरातली मंडळी आणि मोटरबोटी. जलपर्यटनाचा बोलबाला आमच्याकडे सध्या जोरात आहे, 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते मोठ्या प्रकल्पाचं भूमिपूजनही झालं. येऊ द्या पर्यटक, आंभोऱ्याचा संगम आणि तिथला नवा पूल पाहू द्या, आमच्या पोरांना काम मिळू द्या. पण त्या घाटावरच्या माणसानं आम्हाला हाकललं. ‘इथं डोंगा लावायचा नाही, पार्ट्यांच्या बोटी यायच्या आहेत.’ डोंग्यात धानाचे चार कट्टे, मोठेबाबा चिखलानं माखलेले, आणि समोर हा पोरगा हातानं हुसकावतोय, ज्याच्या वयाचे त्यांचे नातू आहेत. मी तोंड उघडणार तेवढ्यात मोठेबाबांनी माझा दंड धरला. ‘जाऊ दे ना गा, काहाले त्याच्या तोंडी लागतं? उद्या अडलं-नडलं त थोच कामी येईन.’

मला त्या पोरापेक्षा मोठेबाबांच्या त्या वाक्याचा जास्त संताप आला. ज्यांच्या घरादारावरून हे पाणी पसरलंय, त्यांनाच त्या पाण्यावर अडून-नडून राहण्याची सवय लावून ठेवली आहे. मोटरबोटीला डिझेल मिळतं, धक्का मिळतो, जॅकेटं मिळतात. चार कट्टे धान आणायला एक साधी नाव मिळत नाही. पैसे नाहीत असं कुणी सांगू नये.

नव्या गावठाणाबद्दल थोडक्यातच लिहितो. कागदावर 18 नागरी सुविधा आहेत. समाजमंदिर आहे, त्याच्या छताला ओल आहे. नळ आहेत, पाणी येतं तेव्हा येतं. 2013 च्या पॅकेजमध्ये नोकरीऐवजी 2 लाख 90 हजार रुपये मिळाले, ते कुणाच्या लग्नात गेले, कुणाच्या घरबांधणीत, आणि पोरं नागपूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागली. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, अजून भरते, तेवढं बरं वाटलं. ढिवरांच्या पोरांनी मात्र डोंगे विकायला काढलेत, आणि ते विकले गेले तर आमच्या शेताचा उरलेला मार्गही संपला.

म्हणून ज्यांच्या हातात सही आहे त्यांना माझं साधं विचारणं आहे. ज्या जमिनीच्या चारही बाजूंना तुम्ही पाणी भरलंत, तिला बुडीत मानून तिचा मोबदला द्या. नसेल द्यायचा, तर सरकारी नाव द्या, नावाड्याला पगार द्या, काठावर दोन्हीकडे उतरायला धक्का बांधा आणि मधली जलपर्णी काढा. दोन्हींपैकी एक करा, पण लेखी करा. जानेवारीत उन्हाळी धानाची रोवणी लागते, पऱ्हे, म्हणजे रोपं, त्याच्या आधीच टाकावे लागतात. मोठेबाबा टाकणार आहेत. त्यांचा बांबू यंदा मधोमध चिरला आहे, त्यावर त्यांनी तार गुंडाळली आहे, आणि तोच घेऊन ते त्या पाण्यात उतरणार आहेत.