चलान रिक्षावर, गुन्हा कोणाचा? कळव्याच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत. चिडण्यासारखंच घडलंय तुमच्या बाबतीत, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिस्टरांच्या पश्चात रिक्षाचं परमिट तुमच्या नावावर आलं. रिक्षा कळव्यात असते, दोन ड्रायव्हर दोन शिफ्टला चालवतात. तुम्हाला स्वतःला रिक्षा येत नाही, लायसन्सही नाही. तरी सिग्नल तोडल्याची दोन चलानं तुमच्या मोबाईलवर आली. पहिलं ठाण्यातल्या तीन हात नाक्याचं, ५०० रुपयांचं. सकाळचा ड्रायव्हर म्हणतो, ‘पोलिसानेच हात करून पुढे काढलं.’ दुसरं ठाण्यातल्याच नितीन कंपनीच्या सिग्नलचं, १,५०० चं, वेळ दुपारची ३:५२. तुमची शिफ्ट ४ ला बदलते आणि दोघंही म्हणतात, मी नव्हतो. तुम्ही पैसे भरणार म्हणून दोघांकडून साडेसातशे साडेसातशे कापून घेतलेत. मी लेखात लिहिलं होतं की नोटीस मालकाला येणं बरोबर आहे, आणि मालकाने ड्रायव्हरचे पैसे परस्पर कापू नयेत. त्यावर तुम्ही लिहिता, ‘म्हणजे भरायचं मीच. दोन्हीकडून मालकालाच धरायचं तर सरळ तसं लिहा. अमेरिकेत कोर्टाने असली चलानं रद्द केलीत असं माझा मुलगा सांगतो.’

माझं म्हणणं असं आहे ताई. सिग्नल तोडल्याचा गुन्हा चालवणाऱ्याचा. त्या वेळी कोण चालवत होतं हे सांगायचं काम मालकाचं. नोटीस तुमच्याकडे यायला हवी ती या कामासाठी. दंड तुमच्या गळ्यात पडावा असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि कायदाही तसं म्हणत नाही.

चलानासोबतचा फोटो मोठा करून बघा. सिग्नलचा कॅमेरा बहुतेक वेळा गाडीचा मागचा भाग टिपतो. रिक्षाचं काळं हूड, मागची काच, सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं, वर कोपऱ्यात लाल दिवा, खाली पांढरी थांबारेषा आणि नंबरप्लेटचा वेगळा कापलेला तुकडा. ड्रायव्हर हूडच्या आड असतो. लाल दिवा लागल्यावर गाडी रेषेच्या पुढे गेली एवढं कॅमेऱ्याला कळतं. मग नंबरावरून मालकाचं नाव निघतं आणि मालकाचा मोबाईल नंबर नोंदलेला असतो त्यावर मेसेज जातो. ‘थेट ड्रायव्हरला पाठवा’ असं तुम्ही म्हणता, पण या सगळ्या साखळीत ड्रायव्हरचं नाव कुठेच नसतं. ते माहीत असणारी व्यक्ती एकच, जिने किल्ली दिली ती. म्हणून विचारणा तुमच्याकडेच होणार, आणि ते योग्यच आहे.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम १३३ वाचून बघा. चालकावर गुन्ह्याचा आरोप असेल आणि अधिकार दिलेल्या पोलीस अधिकाऱ्याने मागणी केली, तर मालकाने चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायची. जी त्याच्याकडे आहे ती, आणि नीट चौकशी करून जी मिळू शकते तीही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ आलं आणि कॅमेऱ्यांनी रस्त्यावर नजर ठेवायला कायद्याचा आधार मिळाला. पण ‘मालकालाच चालक समजा’ असं १३६अ मध्ये लिहिलेलं नाही. मालकाला थेट जबाबदार धरायचं असेल तिथे कायदा तसं स्पष्ट म्हणतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर कलम १८० मालकालाच लागतं. यातला दोष किल्ली देण्यातलाच असतो. सिग्नल तोडणं तसं नाही.

मग घोटाळा कुठे होतो? व्यवहारात. मेसेजमधली लिंक उघडली की रक्कम दिसते आणि पैसे भरायची सोय दिसते. माणूस घाबरतो, आरटीओच्या कामात अडकायला नको म्हणून भरून टाकतो. पैसे भरले की तडजोड झाली, विषय मिटला, आणि ‘कोण चालवत होतं’ हा प्रश्न विचारलाच गेला नाही. कलम १३३ कागदावर राहिलं आणि दंड मालकाचा झाला. तुमचा राग इथे आहे आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. ‘त्या वेळी मी चालवत नव्हतो, चालकाचं नाव हे, लायसन्स नंबर हा’ असं लिहायला पैसे भरण्याच्या बटणाइतकीच ठळक जागा त्याच पानावर हवी. ही मागणी तुमच्यासारख्या रिक्षामालकांनी, रिक्षा संघटनांनी, टीटीसी एमआयडीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) स्टाफ बसवाल्यांनी, कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी एकत्र येऊन करायला हवी. ज्यांच्या गाड्या दुसरे चालवतात असे हजारो लोक आपल्या पट्ट्यात आहेत.

तुमचं ५०० आणि १,५०० बघा ना. कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला ५०० पर्यंत आणि दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्याला १,५०० पर्यंत दंड आहे. पण दुसऱ्यांदा कोणी केला? कायद्यात गुन्हा माणूस करतो, रिक्षा करत नाही. नितीन कंपनीच्या सिग्नलला दुपारचा ड्रायव्हर असेल तर ती त्याची पहिलीच वेळ असू शकते. गाडीच्या नंबराखाली मोजलं की एकाचा पहिला आणि दुसऱ्याचा पहिला मिळून ‘दुसरा’ होतो, आणि हजार रुपये जास्तीचे तुमच्या माथी बसतात.

याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे आणि मला खरी तळमळ तिची आहे. २०१९ पासून लाल सिग्नल तोडणं हे धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम १८४ मध्येही मोडतं. त्यात पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० दंड आहे, कैदेची तरतूद आहे, आणि लायसन्स काही काळासाठी काढून घेता येतं. मात्र लायसन्स काढून घ्यायला आधी माणूस तर ठाऊक हवा. मालक गुपचूप दंड भरत राहिला की सवयीने सिग्नल तोडणाऱ्याचं लायसन्स कोरं राहतं. एका मालकाने काढलं की तो दुसऱ्याची रिक्षा धरतो, तिथेही पहिल्यासारखाच चालवतो, आणि नव्या मालकाला त्याच्या जुन्या कारभाराचा पत्ता नसतो. तीन हात नाक्याला पुलाखालून शाळेची पोरं, म्हातारी माणसं हिरवा माणूस दिसल्यावर रस्ता ओलांडायला निघतात, त्यांच्या अंगावर येणारी रिक्षा याच माणसाच्या हातात असते. तुमचा भुर्दंड वाचावा एवढ्यासाठी मी नाव कळवा म्हणत नाही. ज्याने सिग्नल तोडला त्याच्यापर्यंत दंड पोचला नाही तर कॅमेरा लावून काहीच साधत नाही.

अमेरिकेचं तुमच्या मुलाने सांगितलं ते खरं आहे. मिझुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सेंट लुईस शहराचा सिग्नल कॅमेऱ्याचा नियम रद्द केला. मालकच चालवत होता असं गृहीत धरायचं आणि ‘मी नव्हतो’ हे त्याने सिद्ध करायचं, हे कोर्टाला पटलं नाही. पण तो एका राज्याचा निकाल आहे. न्यूयॉर्क शहरात आजही दंड मालकालाच येतो, ५० डॉलर. फक्त तो पार्किंगच्या दंडासारखा धरतात, लायसन्सवर त्याचा डाग पडत नाही. कॅलिफोर्नियात बरीच वर्षं उलट रीत होती, तिथे चालकच दोषी, म्हणून फोटोत त्याचा चेहरा यावा लागायचा. मला विचाराल तर आपल्या कलम १३३ ला सगळ्यात जवळची रीत ब्रिटनची. तिथे मालकाला कागद येतो आणि २८ दिवसांत चालकाचं नाव कळवावं लागतं. कळवलं नाही तर तो वेगळा गुन्हा, १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट, म्हणजे गुन्ह्याची नोंद करणारे दंडगुण. नाव कळवलं की पुढचं चालकाचं.

‘मग लोक कोणाचंही नाव देतील’ असं आणखी एका वाचकाने तुमच्या प्रतिक्रियेखाली लिहिलंय. देतील, आणि पकडलेही जातील. ऑस्ट्रेलियात मार्कस आइनफेल्ड नावाचे निवृत्त न्यायाधीश होते. २००६ मध्ये वेगाचा ७७ डॉलरचा दंड आला, तर त्यांनी शपथेवर सांगितलं की गाडी माझी एक ओळखीची प्राध्यापक बाई चालवत होती. ती २००३ मध्येच वारलेली निघाली. २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. खोटं नाव देणाऱ्याला शिक्षा करता येते; त्या भीतीपोटी खरं नाव द्यायची वाटच अवघड ठेवणं चुकीचं आहे.

आता तुमची दोन चलानं. तीन हात नाक्याचं आधी. चौकात उभा पोलीस हाताने जे सांगेल ते दिव्याच्या वरचं असतं, मग दिवा लाल का असेना. ड्रायव्हर खरं बोलत असेल तर गुन्हाच घडलेला नाही आणि ५०० रुपये कोणीच भरायला नकोत. फोटोत आजूबाजूच्या गाड्याही रेषेपुढे सरकलेल्या दिसतात का ते बघा. सगळी रांग चालू असेल तर त्याच्या सांगण्याला बळ येतं. एकटी तुमचीच रिक्षा पुढे आणि बाकी थांबलेल्या असतील तर मात्र त्याला समोर बसवून पुन्हा विचारा. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या नियम १६७अ प्रमाणे अशा चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं ते हवं, आणि नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत यायला हवी. कॅमेऱ्याआधी तसा फलकही लावलेला हवा. ऑनलाइन तक्रार करताना यातलं जे नसेल ते मुद्दाम लिहा. आरसीवर अजून मिस्टरांचाच मोबाईल नंबर असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर नोटीस आली कधी हेच कळणार नाही.

नितीनचं जास्त महत्त्वाचं, कारण तिथे तुम्ही दोघांचे साडेसातशे कापलेत. ताई, त्या दोघांतल्या एकाने काहीच केलेलं नाही. न केलेल्या गोष्टीचे पैसे भरायची वेळ आली म्हणून तुम्ही मला इतकं पोटतिडकीने लिहिलंत, आणि तेच त्या एकाच्या वाट्याला आलंय. फरक इतकाच की त्याच्या दिवसाच्या धंद्यातले साडेसातशे गेले आणि तो कुठे तक्रार करू शकत नाही. मी परस्पर कापू नका म्हणतो ते यासाठी. ज्याने केलं त्याला फोटो दाखवा, त्याने मान्य केलं तर भरू दे त्यालाच, पूर्ण. त्यात माझी काही हरकत नाही.

कोण होतं ते शोधणं अवघड नाही. ३:५२ ला रिक्षा नितीनला होती आणि शिफ्ट कळव्यात बदलते. त्या वेळच्या गर्दीत आठ मिनिटांत कोर्टनाका, कळवा पूल करून पोचणं जवळपास अशक्य. म्हणजे एकतर सकाळचा त्या दिवशी उशिरा आला, नाहीतर रिक्षा ठाण्यातच आधी बदलली. फोटोत रिक्षाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. सीएनजी कुठे, किती वाजता भरला त्याची पावती असेल. दोघांच्या मोबाईलवर प्रवाशांनी दिलेल्या यूपीआय पैशांच्या नोंदी वेळेसकट असतात; ३:५२ च्या आसपास कोणाच्या खात्यात भाडं जमा झालं ते दोन मिनिटांत दिसेल. पुढे मात्र एक वही ठेवा. रिक्षा घेताना वेळ, किलोमीटरचा आकडा, सही. नाहीतर किल्ली देताना मीटरचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. कलम १३३ मधली ‘नीट चौकशी’ म्हणजे हेच, आणि उद्या एखादा अपघात झाला तर हीच वही तुम्हाला सोडवेल.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही तरी लिहितो. तुम्ही ड्रायव्हरकडून रिक्षाचं दिवसाचं भाडं ठरवून घेता, धंदा होवो न होवो. शेवटच्या तासात भाडं निघालं नसेल तर ड्रायव्हर सिग्नलला थांबत नाही, हे कुठल्याही स्टँडवर विचारा. म्हणून गुन्हा तुमचा होत नाही, पण ४ ला पाच मिनिटं उशीर झाला तर तुम्ही त्याला काय बोलता, याचा ३:५२ च्या त्या फोटोशी संबंध असू शकतो. शिफ्टच्या वेळेत थोडी सूट देऊन बघा.

तुमच्या लिहिण्यावरून पैसे अजून भरलेले दिसत नाहीत. भरू नका इतक्यात. आधी नितीनचा चालक कोण ते ठरवा, मग त्याचं नाव आणि लायसन्स नंबर घालून तक्रार करा, आणि दुसऱ्याचे साडेसातशे परत करा. दोन्ही चलानांचे फोटो, नंबर झाकून, मला ईमेल केलेत तर तक्रारीचा मजकूर मी लिहून देतो.